गाण्याचा आनंद आणि यंत्राचा आवाज

(न्यासाच्या अमृतमहोत्सवानिमित्त बडोदे येथे सभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 आम्ही संगीताचे शास्त्री नव्हे की यंत्रविद्येचे पदवीधर नव्हे. पुष्कळ वर्षे पुष्कळ गाणे ऐकलेले श्रोते, एवढाच आमचा अधिकार. तेव्हा आमच्या बोलण्यातले जे पटेल ते घ्यावे आणि बाकीचे सभागृहातच ठेवून जावे.

आजचा विषय आपणच ठरवून दिला आहे. आपल्या वास्तूच्या वरच्या मजल्यावर एक श्रवणकक्ष करावा आणि न्यासाच्या कपाटांत असलेल्या जुन्या तबकड्या व फिती तेथे सभासदांना ऐकावयास मिळाव्यात, असा ठराव झाला. निधीही जमला. परंतु तो खर्च कसा करावा याविषयी दोन पक्ष पडले. एक पक्ष म्हणतो, उत्तमातले उत्तम यंत्र आणावे. भिकार यंत्रावर थोरामोठ्यांचे गाणे वाजविणे हा त्यांचा अपमान आहे. दुसरा पक्ष म्हणतो, आपल्या वाडवडिलांनी चावीच्या फोनोवर गाणे ऐकून डोळे पुसले; ज्याला कान आहे त्याला यंत्राची पर्वा नाही. दोन्ही पक्षांत आमचे स्नेही आहेत, आणि दोघांनीही आम्हांस आपापल्या बाजूचे साक्षीदार म्हणून येथे उभे केले आहे, असा आम्हांस संशय आहे!

आम्हांस वाटते, ‘आवाज चांगला’ किंवा ‘आवाज वाईट’ असे आपण सरसकट म्हणतो, येथेच वादाचे मूळ आहे. मुद्रित आवाजात तीन निरनिराळे दोष असू शकतात. जुन्या पत्राची उपमा घ्या. एखाद्या पत्रावर पाण्याचे डाग पडलेले असतात. मजकूर मात्र शाबूत असतो. दुसऱ्या पत्राची कड उंदरांनी कुरतडलेली असते. काही शब्द गेलेले असतात, ते आपण अंदाजाने भरून काढतो. तिसऱ्या पत्रात अक्षरेच कोणी बदललेली असतात. कागद स्वच्छ, पण मजकूर खोटा. तबकडीतली खरखर म्हणजे डाग. वरचे किंवा खालचे स्वरांश मुद्रित न होणे म्हणजे कुरतडलेली कड. आणि गती चुकल्यामुळे स्वर वर-खाली होणे म्हणजे बदललेली अक्षरे. या तिन्हींना एकच माप लावणे योग्य होणार नाही.

प्रथम डागांचा विचार करू. आपल्या कपाटातल्या जुन्या तबकड्या लाखेच्या आहेत. लाखेत दगडाची पूड मिसळून त्या दाबून काढीत. जड ध्वनिपेटीखाली त्या टिकाव्यात म्हणून ही पूड लागे, आणि खरखरीचा मोठा भाग तिच्यातूनच येतो. म्हणजे खरखर हा त्या तबकडीचा जन्मजात गुण आहे. परंतु खरखर गाण्याच्या जागी बसत नाही, गाण्याच्या शेजारी बसते. पत्र्याच्या मंडपावर पाऊस वाजत असताना आपण कीर्तन ऐकतो, तेव्हा पहिली पाच मिनिटे पाऊस ऐकू येतो आणि मग फक्त कीर्तन ऐकू येते. एकसारख्या चालणाऱ्या आवाजाकडे दुर्लक्ष करण्याची शक्ती आपल्या कानांना उपजतच आहे.

याचा मोठा दाखला आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. अब्दुल करीम खाँसाहेब काही काळ बडोदे दरबारी होते. पुढे ते मिरजेस स्थिरावले आणि १९३७ साली वारले. त्यांच्या तबकड्या अशाच खरखरणाऱ्या. भीमसेन जोशी यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे की, लहानपणी दुकानात वाजणारी खाँसाहेबांची तबकडी ऐकून त्यांना गाण्याची ओढ लागली आणि अकराव्या वर्षी ते गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. त्या मुलाच्या कानावर पडले ते रस्त्यावरच्या गलबल्यातले, दुकानातल्या यंत्रावरचे, तीन मिनिटांचे गाणे. तेवढ्याने एका जन्माची दिशा ठरली. तेव्हा खरखरीला भिणाऱ्या पक्षाने हा दाखला ध्यानात ठेवावा.

आता कुरतडलेल्या कडेकडे वळू. हिंदुस्थानात ग्रामोफोन कंपनीची मंडळी ध्वनिमुद्रणासाठी प्रथम १९०२ साली कलकत्त्यास आली आणि गौहरजानसारख्या गायिकांचे गाणे मुद्रित झाले. त्या काळी विजेचे साहाय्य नव्हते. गायकाने एका कर्ण्यात तोंड घालून गावयाचे. त्या आवाजाच्या जोराने पडदा हलायचा आणि पडद्याला जोडलेली सुई मेणावर रेघ कोरायची. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे वीसपासून वीस हजारपर्यंत कंपने ऐकू येतात. कर्ण्याच्या पद्धतीत त्यांपैकी साधारण दोनशेपासून दोन-अडीच हजारांपर्यंतचा पट्टा हाती लागे. १९२५ साली विजेची पद्धत आली, मायक्रोफोन आला, आणि हा पट्टा दोन्ही बाजूंनी रुंदावला.

येथे एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा धरला, तर त्याची मूळ कंपने सेकंदाला सुमारे १३९ होतात. म्हणजे कर्ण्याच्या काळातल्या तबकडीत गायकाचा मध्यसप्तकातला षड्ज मूळ रूपाने जवळजवळ नाहीच! तरीही तो आपल्याला ऐकू येतो, आणि अगदी जागच्या जागी ऐकू येतो. याचे कारण असे की, प्रत्येक स्वराबरोबर त्याच्या दुपटीची, तिपटीची, चौपटीची अशी कंपने निघत असतात. ती ऐकून आपले श्रवणेंद्रिय मुळाचा हिशोब आपणच करते आणि नसलेला पाया बांधून घेते. जुन्या तारेच्या टेलिफोनवरून सुमारे तीनशेपासून चौतीसशेपर्यंतचीच कंपने जात. वडिलांच्या आवाजाचा पाया त्यात येतच नसे. पण ‘हॅलो’ म्हणताच वडील ओळखू येत. गाणे ऐकताना आपण रिकाम्या हातांनी बसलेले नसतो. अर्धे बांधकाम आपला कानच करीत असतो.

मग काय, पट्ट्याला महत्त्वच नाही? तसे म्हणता येणार नाही. कान पाया भरून काढतो. पण जे कधी ऐकलेच नाही ते त्याला भरून काढता येत नाही. तंबोऱ्याची जवारी लागली म्हणजे जी झणझण खोलीभर पसरते, ती वरच्या पट्ट्यात राहते. कर्ण्याच्या काळातल्या तबकड्यांत तंबोरा बहुधा ऐकूच येत नाही. जो मनुष्य तंबोऱ्याजवळ बसलेला आहे, तो ही उणीव मनाने भरून काढील. पण आपल्या घरातल्या ज्या मुलाने तंबोरा प्रत्यक्ष ऐकलेलाच नाही, त्याला वाटेल की पूर्वीचे लोक तंबोऱ्यावाचूनच गात असत. म्हणजे जुन्या श्रोत्याला जे यंत्र पुरते, ते नव्या श्रोत्याला पुरेलच असे नाही. आमच्या मते दुसऱ्या पक्षाचे दुबळे स्थान हे आहे. ‘आम्हाला चालत होते’ हे खरे. पण आपल्याजवळ मैफलीची आठवण होती, नातवंडांजवळ ती नाही.

आपल्या बडोद्याचेच उदाहरण घ्या. फैयाज खाँसाहेब येथे दरबार गायक होते आणि १९५० साली येथेच त्यांचा अंत झाला. त्यांचा आवाज रुंद, खर्जाचा, भरदार. ज्यांनी त्यांना समोर बसून ऐकले ते लोक सांगत की, तबकडीत खाँसाहेबांची सावली आहे. लहान फोनवर त्यांचा नटबिहाग लावला तर चीज कळते, तानही कळते. पण आवाजाची ती रुंदी जाते. तीच तबकडी बऱ्यापैकी ध्वनिवर्धकावर लावली की समोरचा मनुष्य किती मोठ्या छातीने गात होता ते कळू लागते. तेव्हा पहिल्या पक्षाचे म्हणणेही निराधार नाही.

कडेबरोबर आणखी एक गोष्ट कुरतडली गेली होती, तिचा उल्लेख सहसा होत नाही. ती म्हणजे वेळ. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावत असे. दीड तास चालणारा राग तीन मिनिटांत बसवावयाचा! आमच्या मते कंपनांच्या पट्ट्यापेक्षा या बंधनाने आपल्या संगीताचे अधिक नुकसान केले. विलंबित लयीची बढत तबकडीवर येणेच शक्य नव्हते. मात्र त्याच बंधनातून थोडक्यात सर्व काही सांगण्याची एक नवी कलाही जन्मास आली, हे नाकबूल करता येत नाही. पुढे १९४८ साली अमेरिकेत दीर्घ तबकडी निघाली. तिची एक बाजू वीस-बावीस मिनिटे चाले. इंदूरच्या अमीर खाँसाहेबांची मारवा आणि दरबारीची दीर्घ तबकडी १९६० च्या सुमारास निघाली, तेव्हा घरबसल्या संथ आलाप ऐकण्याची सोय झाली. आपण आवाजाच्या स्वच्छतेबद्दल भांडत होतो, आणि खरा लाभ झाला तो वेळेचा!

आता तिसरा दोष, बदललेल्या अक्षरांचा. याविषयी मात्र आम्ही कठोर आहोत.

तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेते असे आपण म्हणतो. पण सुरुवातीच्या काळात सर्व तबकड्या नेमक्या याच गतीने मुद्रित होत नसत. कोणी थोडी कमी ठेवी, कोणी जास्त. शिवाय आपले यंत्रही बरोबर फिरत असेल याची खात्री काय? ७८ ऐवजी सुमारे साडेब्याऐंशी फेरे पडले, तर काळी एकचा षड्ज पांढरी दोनवर जाऊन बसतो. लय वाढते, तीन मिनिटांचे गाणे दहा सेकंद आधी संपते, आणि आवाज बारीक व चटपटीत होतो. स्वरांचे परस्परांतले अंतर कायम राहते, म्हणून राग ओळखू येतो. आणि राग ओळखू आला म्हणून आपण निश्चिंत असतो. पण गायक मात्र दुसराच झालेला असतो. आवाज स्वच्छ आणि माणूस खोटा!

याहून वाईट प्रकार म्हणजे गतीचे हेलकावे. तबकडीचे मधले भोक थोडे बाजूला पडलेले असले की प्रत्येक फेऱ्यात स्वर चढतो आणि उतरतो. ७८ च्या तबकडीत हे दर सेकंदाला एकाहून अधिक वेळा घडते. दीर्घ तबकडीत एक फेरा १.८ सेकंदांचा असतो, तेव्हा हेलकावा संथ येतो. पियानोचे गाणे असेल तर ऐकणाऱ्याला दोष लगेच कळतो, कारण पियानोचा स्वर स्थिर असतो. आपल्याकडे पंचाईत अशी की, दरबारीचा गंधार मुळातच आंदोलित. ते आंदोलन गायकाचे कोणते आणि तबकडीचे कोणते, हे शिकाऊ मुलाने कसे ओळखावे? तो यंत्राचा हेलकावा गळ्यात बसवून घेईल आणि वर म्हणेल की अमुक खाँसाहेब असेच लावीत. खरखरीने कोणाचा गळा बिघडत नाही. चुकीच्या गतीने बिघडू शकतो.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे : यंत्र साधे असो वा भारी, त्याची गती बिनचूक असली पाहिजे. याला फार पैसा लागत नाही. पूर्वीच्या शौकिनांजवळ पट्ट्या काढलेली कागदी चकती असे. आपल्याकडच्या पन्नास आवर्तनांच्या विजेवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या दिव्याखाली ७७ पट्ट्यांची चकती फिरविली आणि पट्ट्या जागीच उभ्या दिसल्या, की गती ७८ आहे असे समजावे. ज्या तबकडीत पेटीची साथ आहे, तेथे पेटीचा सूर आपल्या घरच्या पेटीशी ताडून पाहता येतो. पेटीला गळ्यासारखे सरकता येत नाही. साक्षीला ती बरी.

आता आजकालच्या साधनांविषयी. १९८२ साली सीडी बाजारात आली. तिच्यात आवाजाची सेकंदाला ४४,१०० वेळा नोंद घेतली जाते. खरखर गेली, हेलकावा गेला आणि ऐकू येण्याजोगा सारा पट्टा मिळाला. मग एमपीथ्री आली. तिचे तत्त्व असे की, मोठ्या आवाजाच्या आड जो बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही, तो लिहून ठेवण्याचे कारण नाही. फार काटकसर केली तर तंबोऱ्याची झणझण पाण्यात बुडल्यासारखी होते. हे कोणीही ऐकून पाहावे. पण पुरेशा दराने केलेली अशी प्रत आणि सीडी या दोन्ही पडद्याआडून वाजविल्या, तर बहुतेकांना फरक सांगता येत नाही. पडद्याआडून हे महत्त्वाचे. यंत्राची किंमत डोळ्यांना दिसली की कानांना फरक ऐकू येऊ लागतो! आणि दोन यंत्रांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखाच मोठा ठेवावा. जे किंचित मोठे वाजते ते अधिक चांगले वाटते, हे चतुर दुकानदारास पूर्वीपासून ठाऊक आहे.

शिवाय वयाचाही विचार केला पाहिजे. वय वाढते तसा वरचा पट्टा ऐकू येईनासा होतो. साठीच्या पुढे बहुतेकांस दहाबारा हजारांच्या वरचे फारसे ऐकू येत नाही. आपल्या श्रवणकक्षात नित्य येणारे सभासद कोणत्या वयाचे असतील याचा अंदाज घेतला, तर वीस हजारांची हमी देणाऱ्या यंत्रासाठी दुप्पट पैसे मोजणे म्हणजे कवळी बसविलेल्या गृहस्थास अडकित्ता भेट देण्यासारखे होईल. अध्यक्षमहाशयांनी हसून आम्हांस क्षमा केली, हे आम्ही पाहिले.

खोलीला मात्र विसरू नका. वरच्या मजल्यावरची ती खोली आम्ही पाहून आलो. खाली गुळगुळीत फरशी, चार उघड्या भिंती, वर तीन पंखे. तेथे जगातले सर्वांत महाग यंत्र नेऊन ठेवले तरी टाळी घुमावी तसा आवाज घुमेल आणि शब्द एकमेकांवर पडतील. जमिनीवर जाड सतरंज्या घाला, खिडक्यांना जाड पडदे लावा, एका भिंतीशी पुस्तकांची कपाटे लावा, ऐकताना पंखा हळू ठेवा. ध्वनिवर्धक कोपऱ्यात कोंबू नका आणि बसणाऱ्यांच्या कानांच्या उंचीवर ठेवा. एवढे केले तर मध्यम किमतीचे यंत्र भारी यंत्रासारखे बोलू लागेल. सतरंज्या तर आपल्या न्यासाजवळ आहेतच; लग्नामुंजींना आपण त्या भाड्याने देतो.

कोणी विचारील, मग शेवटी आवाजाच्या प्रतीला महत्त्व किती? आमचे उत्तर असे की, गाण्याचा प्राण ज्या ठिकाणी असेल, त्या ठिकाणापर्यंत पोहोचण्याइतके. नाट्यपदाचा, भावगीताचा प्राण शब्दांत आणि चालीत असतो. ते लहान रेडिओवरही जिवंत राहते. एके काळी आकाशवाणीच्या मध्यम लहरींवर शनिवार रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम घरोघर ऐकला जाई. १९५२ साली तो सुरू झाला. त्या लहरींचा पट्टा अरुंदच होता, पण लोकांची तृप्ती होत असे. ख्यालाला तंबोरा हवा, म्हणून थोडे अधिक हवे. सतारीच्या तरफा आणि तबल्याच्या डग्ग्याची घुमक ऐकावयाची तर आणखी थोडे हवे. त्यापलीकडे जो खर्च होतो, तो यंत्राच्या आनंदासाठी होतो. तो आनंदही खोटा नव्हे. घड्याळांचा शौक असतो, तसा यंत्रांचाही असतो, आणि ज्याने तो स्वतःच्या कष्टाच्या पैशांतून करावा त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. पण न्यासाचा पैसा सर्वांचा आहे. तो गाण्यासाठी खर्चावा.

येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आपण वाजविण्याच्या यंत्राबद्दल वाद घालीत आहोत. पण वाजवावयाचे जे आहे ते दिवसेंदिवस नाहीसे होत आहे. लाखेची तबकडी हातून पडली की संपली. पोलादी सुईच्या चावीच्या फोनोवर ती हौसेने पुनःपुन्हा लावली तर दर खेपेस थोडी झिजते. फितींची दशा याहून वाईट. १९६३ साली कॅसेट निघाली आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत ती आपल्या घराघरांत पोचली. आपल्यांतल्या कितीतरी जणांच्या माळ्यावर खोक्यांत या कॅसेटी पडल्या आहेत. कोणाच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या, कोणाच्या आत्याबाईंची मंगळागौरीची गाणी, आपल्या गणेशोत्सवातली कीर्तने, मुंजीत म्हटलेली मंगलाष्टके. बडोद्याच्या पावसाळ्यात त्यांवर बुरशी चढते. फीत टिकली तरी ती वाजविणारे यंत्र मिळेनासे झाले आहे, आणि यंत्र मिळाले तर दुरुस्त करणारा मिळत नाही. त्या ओव्यांत पाठीमागे कपबशी वाजते, मूल रडते, मध्येच कोणी दार उघडते. आवाजाच्या परीक्षेत त्या नापास होतील. पण ज्याची आई त्यात आहे त्याला विचारा, या फितीऐवजी दुसऱ्या कोणाचे स्वच्छ मुद्रित गाणे चालेल का?

म्हणून विश्वस्तमंडळापुढे आम्ही नम्रपणे असा क्रम ठेवतो.

निधीचा पहिला भाग प्रती काढण्यासाठी वेगळा काढावा. ७८ च्या तबकडीची खाच दीर्घ तबकडीच्या खाचेपेक्षा जवळजवळ तिप्पट रुंद सुई मागते. दीर्घ तबकडीची सुई तिच्यात तळाशी घासत जाते आणि नसलेली खरखर उत्पन्न करते. योग्य सुई, हलका हात आणि बिनचूक गती, या तीन गोष्टी जो सांभाळील त्याच्याकडेच हे काम द्यावे. काढलेली मूळ प्रत जशीच्या तशी, न आवळता, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी. खरखर काढण्याची साधने आज पुष्कळ आहेत. ती हवी तर दुसऱ्या प्रतीवर वापरावी. हात सैल सोडला तर ही साधने खरखरीबरोबर तंबोराही पुसून टाकतात, गायकाचा श्वासही पुसून टाकतात. आणि पुसलेले परत येत नाही.

दुसरे, प्रत्येक मुद्रणाबरोबर माहिती लिहून ठेवावी : कोण गात आहे, साथीला कोण, कोठे, केव्हा. हे सांगू शकणारी माणसे आज या सभागृहात पुढच्या दोन रांगांत बसली आहेत. या कामी विलंब करू नये, एवढेच आम्ही म्हणतो.

तिसरे, सभासदांनी आपापल्या माळ्यावरच्या कॅसेटी खाली काढून न्यासाकडे प्रतीसाठी द्याव्यात. मूळ फीत ज्याची त्याला परत मिळेल अशी व्यवस्था करावी.

चौथे, उरलेल्या पैशांतून मध्यम प्रतीचे, दुरुस्तीची सोय असलेले यंत्र घ्यावे, खोलीत सतरंज्या घालाव्यात, आणि एखादा खरा, जवारी लावलेला तंबोरा तेथे ठेवावा. महिन्यातून एकदा कोणी जाणत्याने तो छेडून मुलांना ऐकवावा आणि मग जुनी तबकडी लावावी. म्हणजे तबकडीत जे नाही, ते मुलांचे कान आपले आपण भरून काढू लागतील. हा तंबोरा कोणत्याही यंत्रापेक्षा स्वस्त पडेल.

एक गोष्ट सांगून आम्ही बसणार आहोत. याच नगरीत सयाजीराव महाराजांच्या काळी, १८८६ साली मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली. मौलाबक्षांनी स्वरलिपी दिली, पुस्तके दिली. पण त्यांचा आवाज आज आपल्याजवळ नाही. त्यांचे नातू इनायत खाँ, जन्म बडोद्यातलाच, त्यांनी १९०९ साली कर्ण्यात तोंड घालून गायिलेले मात्र आजही ऐकू येते. आजोबांविषयी आपण वाचतो. नातवाला आपण ऐकतो. तसेच अल्लादिया खाँसाहेबांचे. एका मोठ्या घराण्याचे ते प्रवर्तक. १९४६ साली ते मुंबईत वारले. तोवर आपल्या देशात ध्वनिमुद्रण येऊन चाळीस वर्षांवर काळ लोटला होता, तरी त्यांच्या गाण्याची एकही तबकडी आज आपल्याजवळ नाही. त्यांच्या शिष्या, गोव्याच्या केसरबाई केरकर. त्यांच्या तबकड्याही मोजक्याच. पण त्यांतली सुमारे साडेतीन मिनिटांची एक भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत घातली गेली, आणि ती दोन्ही याने आज सूर्यमालेच्या वाऱ्यापलीकडे गेली आहेत. त्या भैरवीत वरचे किती हजार उतरले आणि खालचे किती गळले, याचा हिशोब निवड करणाऱ्यांनी मांडला नाही. गाणे होते, म्हणून निवडता आले.

गुरूंचा एक सूर मिळावा म्हणून आज आपण कितीही खरखर सोसली असती. तेव्हा यंत्राचा वाद आपण पुढच्या वर्षी घालू. यंत्रे पुढच्या वर्षीही मिळतील, कदाचित स्वस्त मिळतील. माळ्यावरच्या फितींना आणखी एक पावसाळा दाखवू नये, एवढीच आमची हात जोडून विनंती आहे.

आपल्या न्यासाने पंचाहत्तर वर्षे या परमुलखात मराठी मुलांची शिक्षणे केली, आजारी माणसांची औषधे केली, निराधारांची पोटे भरली. आता आपल्या माणसांचे आवाज राखण्याचे पुण्यही त्याच्या हातून घडो, अशी श्रीचरणी प्रार्थना आहे.